क्लबच्या रेगाटात ओसीएस का लागतो आणि दोन फेऱ्या कधी घ्यायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई बंदरात एका क्लबने शनिवार-रविवारी घेतलेल्या रेगाटात, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींत, प्रश्नकर्ते भाचीला क्रू म्हणून सोबत घेऊन एंटरप्राइज या दोघांच्या छोट्या बोटीच्या वर्गात उतरले होते. वर्गात १४ बोटी होत्या आणि पाच शर्यती झाल्या. तिसऱ्या शर्यतीत त्यांची बोट दुसरी आली, परंतु सोमवारी सकाळी फोनवर आलेल्या निकालात त्या शर्यतीपुढे ‘ओसीएस’ (सुरुवातीची रेषा वेळेआधी ओलांडल्याची खूण) आणि १५ गुण लिहिलेले होते. परत बोलावणारा भोंगा आपण ऐकलाच नाही, असे ते म्हणतात. चौथ्या शर्यतीत वाऱ्याकडच्या पहिल्या मार्कजवळ (वळसा घालायच्या बोयाजवळ) त्यांनी पोर्टवरून (वारा डावीकडून) स्टारबोर्डवर (वारा उजवीकडून) टॅक घेतला, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलली, तेव्हा स्टारबोर्डवर येत असलेल्या दुसऱ्या बोटीला वाऱ्याकडे वर वळावे लागले आणि दोन्ही बोटींचा हलका स्पर्श झाला. त्या बोटीने ‘प्रोटेस्ट’, म्हणजे नियमभंगाची तक्रार, असे ओरडून सांगितले, पण लाल झेंडा दाखवला नाही (तो लागतोच असे प्रश्नकर्त्यांना वाटते) आणि नंतर अर्जही दिला नाही. चूक आपली होती हे त्याच क्षणी लक्षात आले होते, असे प्रश्नकर्त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. आता काय करता येईल आणि पुढच्या रेगाटाआधी काय वाचावे, असे ते विचारतात.

उत्तर: गेली वीसेक वर्षे मी कमिटी बोटीवर, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या समितीच्या बोटीवर, आणि प्रोटेस्टच्या सुनावण्यांत बसत आलो आहे, आणि माझे निरीक्षण असे की नवे खेळाडू ‘कोणाची वाट आधी’ हे नियम मन लावून पाठ करतात, मात्र शर्यत कशी सुरू होते, बोट परत कशी बोलावली जाते, चूक झाल्यावर ती पाण्यावरच कशी फेडायची, ही कार्यपद्धती वाचत नाहीत. क्लबच्या शर्यतीतले बहुतेक मनस्ताप या न वाचलेल्या भागातून येतात. तुमचे दोन्ही प्रसंग त्यातलेच आहेत.

नियम तीन ठिकाणी असतात. पहिले म्हणजे वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी प्रसिद्ध करते ते शर्यतीचे नियम. सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ या काळासाठी असून ती १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. दुसरी नोटीस ऑफ रेस (शर्यतीची जाहीर सूचना), आणि तिसऱ्या सेलिंग इन्स्ट्रक्शन्स (त्या शर्यतीपुरत्या सूचना), ज्या क्लब स्वतः काढतो. इन्स्ट्रक्शन्समधून क्लबला काही नियम बदलता येतात, उदाहरणार्थ चूक झाल्यावर बोट गोल फिरवून भरायच्या दोन फेऱ्यांच्या दंडाऐवजी एक फेरी ठेवता येते. मात्र बोटी समोरासमोर आल्यावर कोणी बाजूला व्हायचे हे सांगणारा दुसरा भाग आणि व्याख्या यांना क्लब हात लावू शकत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याच्या आदल्या रात्री इन्स्ट्रक्शन्स पेन्सिल घेऊन वाचाव्यात आणि मार्कची बाजू, झेंडे, वेळेची मर्यादा, दंडाचा प्रकार व प्रोटेस्टची मुदत खुणा करून ठेवाव्यात. रेषा आधी ओलांडलेल्या बोटींचे शीड-क्रमांक व्हीएचएफ रेडिओवर पुकारले जातील की नाही, हेही तिथेच लिहिलेले असते. तसे लिहिलेले नसेल तर क्रमांक पुकारण्याचे कोणतेही बंधन शर्यत समितीवर नाही.

सुरुवातीचा क्रम पाच मिनिटांचा आहे. पाच मिनिटे आधी वर्गाचा झेंडा एका भोंग्यासह वर जातो. चार मिनिटे आधी तयारीचा झेंडा, म्हणजे पी, आय, झेड, यू किंवा काळा, यांपैकी जो समितीने निवडला असेल तो एका भोंग्यासह चढतो. एक मिनिट उरले असता तो लांब भोंग्यासह उतरतो, आणि शून्याला वर्गाचा झेंडा उतरतो व पुन्हा एक भोंगा वाजतो. वेळ झेंड्यावरून धरायची असते आणि भोंगा वाजला नाही तर त्याकडे दुर्लक्ष करायचे असते, असे नियमच सांगतो. भोंगा अडकतो, वारा आवाज उलट्या दिशेने नेतो, शेजारून जाणाऱ्या लाँचचे इंजिन तो गिळून टाकते. तेव्हा घड्याळ लावणाऱ्या क्रूचे डोळे झेंड्याच्या काठीवर हवेत, ही सवय तुमच्या भाचीला आताच लावा.

आता तुमचा ओसीएस. ही अक्षरे त्या बोटीपुढे लिहितात जी सुरुवातीच्या क्षणी रेषेच्या शर्यतीकडील बाजूला होती आणि जी परत येऊन नीट निघाली नाही. २०२१ पासून यासाठी फक्त बोटीचे कवच, म्हणजे हल, पाहिले जाते. त्यापूर्वी क्रूचा पुढे गेलेला हात किंवा एखादे उपकरण रेषेपलीकडे असले तरी बोट आधी निघाली असे धरत, आणि जुने खेळाडू आजही तसेच सांगत असतात. एखादी बोट आधी गेल्याचे दिसताच समितीने तत्परतेने एक्स झेंडा एका भोंग्यासह दाखवायचा असतो. अशा सर्व बोटी पूर्णपणे रेषेमागे येईपर्यंत तो फडकत राहतो, परंतु जास्तीत जास्त चार मिनिटे, किंवा पुढच्या एखाद्या वर्गाची सुरुवात असेल तर तिच्या एक मिनिट आधीपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच.

येथे एक बारकावा आहे आणि तुमचा निकाल त्यावरच अवलंबून आहे. भोंगा वाजला नाही तर दुर्लक्ष करा हे वाक्य सुरुवातीच्या वेळेपुरते आहे. बोट परत बोलावताना मात्र भोंगा आवश्यक मानला जातो, कारण सुरुवात झाल्यावर सगळे पुढे पाहत असतात आणि मागे झेंडा चढला आहे हे त्यांना कळण्याचा मार्ग तो आवाजच असतो. वर्ल्ड सेलिंगच्या केस बुकातील ३१ क्रमांकाच्या निवाड्याप्रमाणे, एक्स झेंडा चढला पण भोंगा दिलाच नाही, आणि आवाज ऐकू येईल अशा जागी असलेल्या बोटीला झेंडा दिसला नाही म्हणून ती परतली नाही, तर ती रिड्रेसला, म्हणजे झालेल्या नुकसानीच्या भरपाईला, पात्र ठरते. भरपाई देताना सुद्धा परत येऊन पुन्हा निघायला तिला जो वेळ लागला असता तो हिशेबात धरला जातो, त्यामुळे दुसरा क्रमांक जसाच्या तसा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. याच निवाड्याची दुसरी बाजूही आहे. आपण रेषेपलीकडे होतो हे ज्या बोटीला स्वतःला कळले होते, तिने भोंग्याची वाट न पाहता परतायला हवे होते, आणि तिला भरपाई मिळत नाही.

म्हणून तुम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारा. भोंगा दिला गेला नव्हता, की दिला गेला पण तुम्हाला ऐकू आला नाही? दिला गेला असेल तर समितीची काही चूक नाही आणि विषय तिथेच संपतो. कमिटी बोटीवर नोंदी ठेवणारा माणूस असतो, बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर आवाजही ध्वनिमुद्रित करतात, तो ऐकवण्याची विनंती करण्यात काही गैर नाही. दुसरा प्रश्न असा की त्या क्षणी तुमच्या बोटीत ‘आपण लवकर गेलो का’ असे कोणी म्हणाले होते का? सुनावणीत हे विचारले जाते आणि त्याचे उत्तर खरे द्यावे लागते. ‘आम्ही रेषेमागेच होतो’ एवढाच मुद्दा असेल, तर रेषेच्या टोकाशी उभे राहून तिच्यावर नजर धरणाऱ्या माणसाची साक्ष सामान्यतः बोटीतल्या कोणाहीपेक्षा वजनदार धरली जाते, कारण बोटीतून रेषा तिरकी दिसते.

मुंबई बंदरात ओसीएस अधिक का लागतात, हेही समजून घेणे उपयोगी आहे. आपला हंगाम पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा असतो. थंडीच्या दिवसांत सकाळचे मतलई वारे मंदावतात आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे स्थिरावतात, त्या वाऱ्यावर बहुतेक शर्यती होतात. बंदराचे तोंड दक्षिणेकडे असल्याने भरतीची ओढ उत्तरेकडे असते, म्हणजे वाऱ्याकडे जाणाऱ्या शर्यतीत ती बोटींना रेषेवरून पुढे ढकलते. मोठ्या उधाणाच्या दिवशी येथे पाणी चार मीटरपेक्षा जास्त चढते-उतरते, आणि अशा भरतीत वारा पडला तर शीड सोडून जागच्या जागी थांबलेली बोट सुद्धा अर्ध्या मिनिटात रेषेपलीकडे गेलेली असते. भांगाच्या दिवशी पाळलेले अंतर उधाणाच्या दिवशी पुरत नाही. मी भरतीचे कोष्टक इन्स्ट्रक्शन्सच्या कागदाला टाचून ठेवतो, तुम्हीही ठेवा.

बोटी वारंवार पुढे सरकू लागल्या की समिती तयारीचा झेंडा बदलून कडक करते. शेवटच्या मिनिटात रेषेपलीकडे सापडलात तर आय झेंड्याखाली रेषेच्या टोकाबाहेरून वळसा घालून मागे यावे लागते, आणि झेड झेंड्याखाली वीस टक्के गुणदंड बसतो. यू आणि काळ्या झेंड्याखाली, त्या शेवटच्या मिनिटात, रेषेची दोन टोके व पहिला मार्क यांच्या त्रिकोणात असलेली बोट सुनावणीशिवाय बाद होते. शर्यत पुन्हा सुरू झाली तर यू झेंड्याची शिक्षा पुसली जाते, काळ्या झेंड्याची पुसली जात नाही. इतक्या बोटी आधी निघाल्या की त्या ओळखता येईनात, तर पहिला सबस्टिट्यूट झेंडा दोन भोंग्यांसह चढतो आणि सर्वांना परत बोलावले जाते. काळ्या झेंड्याखाली अशा वेळी बाद बोटींचे क्रमांक फलकावर दाखवतात. तरीही जी बोट पुन्हा उतरते तिची ती शिक्षा शेवटच्या हिशेबात वगळताही येत नाही. मुलांच्या शर्यतीत ही चूक मी पुष्कळदा पाहिली आहे आणि दरवेळी वाईट वाटते, कारण ती केवळ फलक न वाचल्यामुळे होते.

वाटेचे मूळ नियम तुम्हाला ठाऊक आहेत असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, म्हणून थोडक्यात सांगतो. पोर्ट टॅकवरची बोट स्टारबोर्डवरच्या बोटीपासून दूर राहते. एकाच टॅकवर शेजारी असलेल्या बोटींपैकी वाऱ्याकडची बोट खालच्या बोटीपासून दूर राहते. मागची पुढचीपासून दूर राहते. टॅक घेताना नाक वाऱ्यातून पार झाल्यापासून क्लोज-हॉल्ड, म्हणजे वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळची, दिशा धरेपर्यंत सर्वांपासून दूर राहायचे असते. आणि ज्याला हक्क मिळाला त्यानेही समोरच्याला बाजूला व्हायला जागा द्यायची आणि शक्य असेल तर स्पर्श टाळायचा असतो.

तुमचा दुसरा प्रसंग नियम १८.३ खाली येतो. मार्कभोवतीचा झोन म्हणजे मार्कला जवळ असलेल्या बोटीच्या तीन लांब्या. एंटरप्राइज ४.०४ मीटर लांब असल्याने तो सुमारे १२ मीटरचा होतो. हे अंतर पाण्यावर वाटते त्याहून मोठे असते, त्यामुळे ‘मी झोनबाहेर टॅक घेतला’ असे मनापासून म्हणणारे बरेच जण प्रत्यक्षात आत असतात. मार्क पोर्टला (डावीकडे) ठेवायचा असताना झोनमध्ये तुम्ही पोर्टवरून स्टारबोर्डवर आलात आणि त्यानंतर पुन्हा टॅक न घेता मार्क पार करता येईल अशा रेषेवर असलात, तर झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवर असलेल्या दुसऱ्या बोटीला स्पर्श टाळण्यासाठी क्लोज-हॉल्डपेक्षा वर वळावे लागेल असे तुम्ही काही करायचे नसते. ती आतून शेजारी आली तर तिला मार्कला जागाही द्यायची असते. ती वर वळली हे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे नियम मोडला गेला. तुमचा टॅक पूर्ण झाला होता की नव्हता याने फरक पडत नाही, पूर्ण झाला नसेल तर नियम १३ (टॅक घेताना दूर राहण्याचा) सुद्धा मोडला गेला एवढेच. तिने टाळण्याचा प्रयत्न केला होता आणि नुकसान किंवा इजा झाली नाही, त्यामुळे स्पर्शाबद्दल तिला दोष लागत नाही. पोर्टवरून येताना रांगेत फट दिसली की शिरण्याचा मोह होतो. त्याऐवजी झोनच्या बरेच बाहेर, पाच-सहा लांब्यांवर टॅक घेऊन स्टारबोर्डच्या रांगेत यावे. दोन बोटी पुढे गेल्या तरी चालतील.

फेडण्याची रीत अशी. प्रसंगानंतर शक्य तितक्या लवकर इतर बोटींपासून स्पष्टपणे दूर व्हायचे आणि लगेच एकाच दिशेने दोन फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरीत एक टॅक आणि एक जाइब (वाऱ्याकडे पाठ करून शिडाची बाजू बदलणे). मार्कला बोट लागली तर एकच फेरी पुरते. पुढच्या टप्प्यावर निवांतपणे मारलेल्या फेऱ्या धरल्या जात नाहीत. इजा किंवा मोठे नुकसान झाले असेल, किंवा दंड घेऊनही मोठा फायदा उरत असेल, तर शर्यतीतून निवृत्त व्हावे लागते. वाऱ्याच्या झुळकीत एंटरप्राइजला दोन फेऱ्यांना साधारण अर्धे मिनिट लागते. हा सराव शर्यतीशिवायच्या दिवशी केला पाहिजे, कारण गोंधळलेल्या मनाने मारलेली जाइब बोट उलटवते.

लाल झेंड्याबद्दल तुमचा समज चुकीचा आहे. ६ मीटरपेक्षा कमी लांबीच्या बोटीला लाल झेंडा दाखवावा लागत नाही, तिला पहिल्या वाजवी संधीला ‘प्रोटेस्ट’ हा शब्द मोठ्याने उच्चारणे पुरते. जे-२४ सारख्या मोठ्या बोटीला झेंडाही हवा. शब्द मात्र तोच हवा. ‘अरे, काय करतोस’ किंवा ‘तू चुकलास’ याने प्रोटेस्ट होत नाही. त्यानंतर लेखी अर्ज मुदतीत द्यावा लागतो, इन्स्ट्रक्शन्समध्ये वेगळे काही नसेल तर शेवटची बोट पोहोचल्यापासून दोन तासांत. तो दिला गेला नाही, म्हणून तुमच्याविरुद्ध सुनावणी झाली नाही.

पण तुमची बाजू तेवढ्याने मोकळी होत नाही. शिडाच्या बोटींच्या क्लब-शर्यतीत पाण्यावर पंच नसतो. नियमांच्या पुस्तकाच्या आरंभीच मूलतत्त्व म्हणून लिहिले आहे की नियम मोडलेली आणि दोषमुक्त न ठरलेली बोट तत्परतेने योग्य तो दंड किंवा कृती स्वीकारेल, आणि ती कृती निवृत्त होण्याची असू शकते. समोरच्याने कागद दिला की नाही यावर हे अवलंबून नाही. आपण चुकलो हे तेव्हाच कळले असेल तर दंड आपलाच. या एका गोष्टीवर हा सारा खेळ उभा आहे असे मी मानतो, आणि म्हणून याबाबत मी सवलत सुचवणार नाही. काही क्लब इन्स्ट्रक्शन्समधून परिशिष्ट टी लागू करतात. तसे असेल तर सुनावणी सुरू होण्याआधी किनाऱ्यावरही गुणदंड स्वीकारता येतो, तेव्हा ते तपासा.

बंदरातल्या इतर वाहतुकीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगणे माझे कर्तव्य आहे. शर्यतीचे नियम शर्यतीतल्या बोटींपुरते असतात. घारापुरीच्या लाँच, मांडव्याचे कॅटामरान, मासेमारीच्या होड्या आणि न्हावा-शेव्याकडे जाणारी जहाजे यांच्याशी गाठ पडली की समुद्रातील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात. अरुंद चॅनेलमध्येच सुरक्षित चालू शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडथळा करायचा नसतो, मग तुम्ही पहिल्या क्रमांकावर का असेना. नांगरलेले जहाज हा नियमांच्या भाषेत अडथळा असतो. त्याच्याकडे क्लोज-हॉल्ड जाताना वर शेजारची बोट आडवी असेल, तर टॅकसाठी जागा मागणारी हाक वेळेत द्या. ऐकणाऱ्याने स्वतः टॅक घ्यायचा किंवा ‘तुम्ही टॅक घ्या’ असे उत्तर द्यायचे, आणि ही हाक चुकीची वाटली तरी तिला प्रतिसाद द्यायचा. ओढ जहाजाच्या नाळेवर नेत असेल तर हाक नेहमीपेक्षा बरीच आधी दिली पाहिजे, कारण नांगराच्या साखळीखाली ओढली गेलेली छोटी बोट सोडवणे फार कठीण असते. लाइफ जॅकेट सक्तीचे करणारा वाय झेंडा नसला तरी लाइफ जॅकेट अंगावर असू द्या. संकटातल्या माणसाला शक्य ती मदत करणे बंधनकारक आहे, आणि त्यात गेलेल्या वेळेची भरपाई मागता येते.

आता तुमचे गुण. पहिल्याला १, दुसऱ्याला २ असे गुण मिळतात आणि कमी गुणांचा विजयी होतो. ओसीएस, निवृत्त, बाद किंवा अपूर्ण यांना नोंदलेल्या बोटींपेक्षा एक जास्त, म्हणजे तुमच्या वर्गात १५. नेहमीच्या पद्धतीत सर्वांत वाईट एक शर्यत वगळली जाते. तुमचे ५, ३, १५, ४ व ६ हे गुण १५ वगळून १८ होतात. चौथ्या शर्यतीतून निवृत्त झालात तर एक १५ वगळला जाईल, दुसरा मोजला जाईल आणि बेरीज २९ होईल. हा आकडा मी लपवत नाही. तो माहीत असूनच निर्णय घ्यायचा आहे.

तेव्हा आजच दोन कागद लिहा. पहिला शर्यत समितीला: चौथ्या शर्यतीतून आम्ही निवृत्त होत आहोत, एवढेच एक वाक्य पुरे. दुसरा प्रोटेस्ट कमिटीला, पण समितीच्या नोंदीत तिसऱ्या शर्यतीचा परतीचा भोंगा नसेल तरच: रिड्रेसची मागणी, त्यात शर्यत क्रमांक, भोंगा न दिल्याची बाब आणि आपल्या जागेचे रेखाचित्र. निकाल तुम्ही निघून गेल्यानंतर, सोमवारी सकाळी कळला हे त्यात स्पष्ट लिहा, कारण चांगले कारण असेल तर कमिटीने मुदत वाढवायची असते, आणि हे कारण चांगले आहे असे मला वाटते. सुनावणीला भाचीला साक्षीदार म्हणून सोबत न्या आणि सुरुवातीच्या वेळी बोटीत काय बोलणे झाले हे तिला तिच्या शब्दांत सांगू द्या.